टाळेबंदीत राहून गेलेली कानांची तपासणी

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभरातील गॅलऱ्यांतून, अंगणांतून आणि गच्च्यांवरून थाळ्या वाजल्या, हे आपल्याला आठवत असेल. आपल्या घरांत थाळी आणखी एका प्रसंगी वाजते. बाळ हाकेला लक्ष देत नाही अशी शंका आली, की वडीलधारी माणसे त्याच्या पाठीमागे उभी राहून थाळी किंवा वाटी-चमचा वाजवून पाहतात. बाळ दचकले, की सर्वांच्या जिवात जीव येतो. ही परीक्षा फसवी आहे. थाळीचा दणका इतका मोठा असतो, की मध्यम स्वरूपाचा श्रवणदोष असलेले बाळही दचकते. आणि ज्याला अजिबात ऐकू येत नाही असे बाळसुद्धा जमिनीतून पोहोचलेल्या कंपनामुळे किंवा समोर बसलेल्या आजीच्या चेहऱ्याकडे पाहून मान वळवते. तरीही त्या सायंकाळनंतर कित्येक महिने असंख्य कुटुंबांपाशी याखेरीज दुसरी कोणतीही तपासणी उरली नव्हती.

महामारीत अनेक उपचार लांबणीवर पडले. गुडघ्याची शस्त्रक्रिया लांबली, मोतीबिंदूची लांबली. रुग्णांना त्रास झाला, पण पुढे ती करता आली. लहान मुलाच्या श्रवणाचे गणित असे नसते. कान आवाज आत घेतो. त्या आवाजाचे शब्द करण्याचे काम मेंदू करतो, आणि हे काम तो आयुष्याच्या सुरुवातीच्या थोड्या वर्षांतच शिकतो. साधारण साडेतीन वर्षांपर्यंत मेंदूचा श्रवणाशी निगडित भाग सर्वाधिक घडणसुलभ असतो. सातव्या वर्षानंतर ही क्षमता बरीच ओसरते. या काळात कानांवाटे काहीच पोहोचले नाही, तर ती जागा मेंदू इतर कामांकडे वळवतो. अमेरिकेतील संशोधक क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की ज्या मुलांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे सरस होती. जगभर मानला जाणारा ‘एक-तीन-सहा’चा नियम याच विचारावर उभा आहे : पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व उपचारांना प्रारंभ.

आता हा नियम टाळेबंदीच्या दिनदर्शिकेशेजारी ठेवून पाहा. २५ मार्च ते ३१ मे २०२० असे अडुसष्ट दिवस देश बंद होता. आपल्या देशात वर्षाला सुमारे अडीच कोटी बालके जन्मास येतात. म्हणजे त्या अडुसष्ट दिवसांत साधारण शेहेचाळीस लाख. जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असणाऱ्या बालकांचे प्रमाण अभ्यासागणिक बदलते. अगदी सावधपणे हजारी दोन धरले, तरी नऊ हजारांहून अधिक बाळे होतात. हा ढोबळ हिशेब आहे आणि त्यात केवळ नवजात बालके मोजली आहेत. शिवाय एक जूनला दारे उघडली म्हणजे सेवा पूर्ववत झाल्या, असेही घडले नाही.

महामारीपूर्वी तरी सर्व बालकांची तपासणी होत होती काय, असे आपण विचाराल. होत नव्हती. मोठ्या शहरांतील प्रसूतिगृहे, वैद्यकीय महाविद्यालये आणि काही जिल्हा रुग्णालये येथे ‘ओएई’ तपासणीची सोय होती. झोपलेल्या बाळाच्या कानात एक मऊ टोकाची नळी ठेवतात, बारीक आवाज सोडतात आणि निरोगी अंतर्कर्णातून परत येणारा अत्यंत क्षीण ध्वनी टिपतात. वेदना नाही, सुई नाही, पाच-दहा मिनिटांचे काम. मात्र पहिल्या एकदोन दिवसांत बाळाच्या कानात स्राव साचलेला असल्याने अनेक बाळे पहिल्या फेरीत ‘अनुत्तीर्ण’ ठरतात आणि त्यांना काही दिवसांनी पुन्हा बोलावले जाते. खरी गळती येथेच होते. ‘पंधरा दिवसांनी या’ असे लिहिलेला कागद घेऊन आई माहेरी जाते, आणि तो कागद बाळंतविड्याच्या पिशवीत राहून जातो. एरवीही जी गळती होती, ती टाळेबंदीत जवळजवळ निश्चितच झाली. एसटी बंद, जिल्ह्याची हद्द ओलांडायला परवाना हवा, आणि रुग्णालय म्हणजे संसर्गाचे माहेरघर अशी धास्ती. पंधरा दिवसांच्या ओल्या बाळंतिणीने निरोगी दिसणारे, दूध पिणारे, हसणारे बाळ घेऊन तिकडे का जावे? त्या भीतीला कोणी अविचारी म्हणू नये.

रुग्णालयांच्या बाजूनेही अडचणी खऱ्या होत्या. श्रवणतपासणीची खोली ध्वनिरोधक असते. म्हणजे बंदिस्त, खिडकी नसलेली, हवा न खेळणारी. विषाणूच्या काळात याहून गैरसोयीची जागा शोधूनही सापडली नसती. ‘बेरा’ तपासणीसाठी बाळाला गाढ झोप लागावी लागते, त्याच्या डोक्यावर तारा चिकटवाव्या लागतात आणि तंत्रज्ञाला दीर्घकाळ जवळ बसावे लागते. कॉक्लियर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेत कानामागचे हाड ड्रिलने कोरतात. त्यातून उडणारे सूक्ष्म तुषार शल्यचिकित्सकाला धोक्याचे होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजी अत्यावश्यक नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा सल्ला दिला आणि अशा बहुतेक शस्त्रक्रिया त्या वर्गात गेल्या. मेंदूज्वरानंतर आलेला बहिरेपणा याला अपवाद मानला पाहिजे, कारण त्यात अंतर्कर्णाच्या पोकळीत हाड साचू लागते आणि काही आठवड्यांच्या विलंबाने इम्प्लांटची तार आत सरकवणेच अवघड होऊन बसते. परंतु इतर लहान मुलांचे काय? दोन वर्षांच्या, जन्मतः न ऐकणाऱ्या मुलाची शस्त्रक्रिया ‘तातडीची नाही’ हे म्हणणे जिवाच्या दृष्टीने बरोबर असले, तरी भाषेच्या दृष्टीने चूक होते. आपल्या व्यवस्थेत तातडी मोजण्याची मोजपट्टी एकच आहे आणि तिच्यावर भाषेची खूण नाही, असे मला वाटते.

ग्रामीण भागात या कामाचा कणा आहे तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा. २०१३ पासून या कार्यक्रमाची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाऊन मुले तपासतात. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका आणि एक गाडी, असे हे पथक. महामारीत अंगणवाड्या व शाळांना कुलूप लागले आणि या पथकांतील मनुष्यबळ ठिकठिकाणी कोविडच्या कामाला जुंपले गेले. आशाताईंचेही तेच झाले. ताप आणि प्राणवायू मोजत दारोदार फिरणाऱ्या त्या बाईंकडून ‘बाळ आवाजाकडे वळते का’ हा प्रश्न विचारला जावा, अशी अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे ठरेल.

ज्यांचे निदान आधीच झाले होते, त्यांची कहाणी निराळी आणि काही बाबतींत अधिक जिव्हारी लागणारी आहे. श्रवणयंत्र एकदा बसवले की काम संपले, असा समज आहे. चष्म्याप्रमाणे ते नाकावर ठेवता येत नाही. बाळाच्या कानाच्या मापाचा मऊ साचा करून त्यातून आवाज आत सोडावा लागतो, आणि बाळाचा कान वाढत असल्याने पहिल्या वर्षात हा साचा दर दोनतीन महिन्यांनी बदलावा लागतो. साचा सैल झाला, की यंत्र शिटी वाजवू लागते. आई आवाज कमी करते, मग यंत्र काढून डब्यात ठेवते. दोष तिचा नसतो. शिटीने सारे घर वैतागलेले असते. त्यातच यंत्राचा गोल सेल आठवडा-दोन आठवड्यांत संपतो, आणि गावातल्या किराणा दुकानात तो मिळत नाही. कुरिअर बंद, तालुक्याचे दुकान बंद. हजारो रुपयांचे यंत्र काही रुपयांच्या सेलअभावी मुके पडावे, ही गोष्ट लहान वाटते. पण मुलाच्या दृष्टीने तो अंधारच होता. कोकणातल्या पावसाळ्यात यंत्रात दमट हवा शिरते, नळीत पाण्याचे थेंब जमतात. दुरुस्तीसाठी ते मुंबई-पुण्याला पाठवावे लागते. इम्प्लांट झालेल्या मुलांचे आणखी वेगळे. शस्त्रक्रियेनंतर तीनचार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात आणि मग पहिल्या वर्षभरात वारंवार ‘मॅपिंग’ करून, म्हणजे विद्युतप्रवाहाच्या पातळ्या जुळवून, मुलाला मानवेल असा आवाज ठरवतात. ज्या मुलांची शस्त्रक्रिया मार्चच्या सुरुवातीला झाली, त्यांपैकी काहींच्या डोक्यात यंत्र होते, पण ते सुरू करणारा तंत्रज्ञ दुसऱ्या जिल्ह्यात होता.

मूकबधिर निवासी शाळांतील मुलांचा उल्लेख अशा लेखांत सहसा येत नाही, म्हणून येथे मुद्दाम करतो. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मतात. घरात खुणांची भाषा कोणालाच येत नसते. जेव, झोप, ये, जा यापलीकडे संवाद जात नाही. निवासी शाळेत आल्यावर अशा मुलाला पहिल्यांदा मित्र मिळतात, चेष्टा-मस्करी मिळते, भांडायलाही कोणी मिळते. मार्च २०२० मध्ये ही वसतिगृहे रिकामी झाली आणि मुले आपापल्या गावी गेली. घरच्यांचे प्रेम होते, पण बोलायला कोणी नव्हते. शहरांतून सगळे परत का येत आहेत, आजोबांना गाडीतून कोठे नेले, तोंडाला फडके का बांधायचे, हे त्यांना कोणत्या खुणेने सांगावे, ते घरात कोणाला ठाऊक नव्हते.

फडक्याचा विषय निघालाच आहे, तर मुखपट्टीविषयी थोडे. संसर्ग रोखण्यासाठी ती आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु साधी वैद्यकीय मुखपट्टी उच्च कंपनाचे ध्वनी तीनचार डेसिबलने आणि एन-९५ मुखपट्टी सुमारे बारा डेसिबलपर्यंत क्षीण करते. हा आकडा किरकोळ वाटेल. पण स, श, थ, फ यांसारखे ध्वनी ओळखण्याची खूण याच पट्ट्यात असते. ‘सात’ आणि ‘हात’ यांतील फरक ऐकू येणाऱ्या माणसाला सहज कळतो. श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला तो निसटतो. एरवी ते मूल ओठांकडे पाहून तूट भरून काढते. तरी मार, पार, भार हे शब्द ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून कान आणि डोळे या दोहोंची मदत लागते. मुखपट्टीने एकाच वेळी दोन्ही काढून घेतल्या. पारदर्शक मुखपट्ट्या निघाल्या. त्यांतून ओठ दिसत, पण प्लॅस्टिक आवाज आणखी अडवी आणि बाष्पाने ती धुरकटही होई. ऑनलाइन वर्गात ओठ दिसत खरे, पण टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत, आणि जाळे मंद असले की आवाज आधी व ओठ नंतर. मराठीत आपोआप उमटणाऱ्या अक्षरांची सोय त्या वर्गांत सहसा नव्हतीच. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि एनसीईआरटी यांच्यात पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचा करार झाला, ही त्या वर्षातील मोजक्या चांगल्या वार्तांपैकी एक.

दुसरी चांगली गोष्ट अधिक अनपेक्षित होती. वाचा-उपचार पडद्यावरून होऊ शकतात, हे याआधीही माहीत होते. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेला त्याचा पूर्वानुभव होता. पण महामारीने ते गावोगाव पोहोचवले. एकच मोबाइल घरात, तोही वडील कामावर घेऊन जाणार, म्हणून उपचार रात्री नऊला, असे प्रकार झाले. तरी त्यातून एक बदल घडला. पूर्वी उपचारकेंद्रात ताई मुलाला घेऊन खोलीत बसत आणि आई बाहेरच्या बाकावर थांबे. पडद्यावरून ताईंना मुलाला हातच लावता येईना. त्यामुळे सारे काम आईलाच करावे लागले आणि ताई आईला शिकवू लागल्या. खेळण्यांचा संच नव्हता, तेव्हा शेंगा सोलणे, भाकरी थापणे, कपडे घडी घालणे हेच पाठ झाले. ‘तवा गरम आहे’, ‘भाकरी फुगली’, ‘उलट आता’ ही वाक्ये दिवसातून अनेकदा, खऱ्या प्रसंगात मुलाच्या कानी पडू लागली. अर्ध्या तासाच्या खोलीतील सरावापेक्षा हे अनेक मुलांना मानवले. मात्र याचा अर्थ तपासणीही फोनवरून भागेल असा काढू नये. निदान, साचा घेणे आणि इम्प्लांटची शस्त्रक्रिया यांसाठी प्रत्यक्ष जावेच लागते.

घरी करता येण्याजोगी एक पडताळणी मात्र प्रत्येक यंत्रधारी मुलाच्या पालकांना यावी. ती डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखली जाते. म, ऊ, आ, ई, श, स हे सहा ध्वनी, क्रम व मध्यंतर बदलत, तोंडासमोर कागद धरून नेहमीच्या आवाजात उच्चारावेत. ऐकू आले, की मुलाने वाटीत एक मणी टाकावा. ‘म’ आणि ‘ऊ’ हे खालच्या पट्टीचे, ‘श’ आणि ‘स’ वरच्या. कालपर्यंत सहाही ध्वनींना मणी पडत होता आणि आज ‘श’, ‘स’ निसटले, तर सेल, नळी, साचा किंवा कानातील पाणी यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे समजावे. रोज सकाळी यंत्र लावल्यावर दोन मिनिटे पुरतात.

एक विरोधाभासही नोंदवतो. शाळा बंद असल्याने मुलांची सर्दी-पडशी कमी झाली आणि त्यामुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचण्याचे, कान दुखण्याचे प्रमाण अनेक देशांत घटलेले दिसले. दुसरीकडे नियमित लसीकरण विस्कळीत झाले, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीसारख्या वस्त्यांत, भिवंडीत व मालेगावात गोवराचा उद्रेक झाला. गोवरामुळे कानाचा संसर्ग होऊन ऐकणे जाऊ शकते. गर्भवतीला झालेला रुबेला तर जन्मजात बहिरेपणाचे जुने कारण आहे. गोवर-रुबेलाची राहिलेली मात्रा उशिरा का होईना, घेता येते. गरोदरपणी आईला झालेल्या कोविडमुळे बाळ बहिरे होते, असा ठोस पुरावा मात्र पुढे आलेला नाही. त्या काळात बाधित झालेल्या मातांनी स्वतःला दोष लावून घेऊ नये.

ती बाळे आता शाळेत आहेत, आणि या लेखाचा खरा रोख त्यांच्याकडे आहे. महामारीत वाढलेले मूल उशिरा बोलू लागले, की एक तयार स्पष्टीकरण हाताशी असते : ‘कोविडमधले मूल, माणसेच पाहिली नाहीत’, ‘मोबाइलने बिघडवले’. त्याच्या जोडीला परंपरागत ‘याचा काकाही उशिराच बोलला’ आहेच. यांतील प्रत्येक कारण खरे असू शकते, पण कान तपासल्यावाचून त्यांपैकी एकही स्वीकारू नका. स्वमग्नतेची शंका असली, तरी आधी श्रवणतपासणी करतात, ती याचसाठी. मूल दूरचित्रवाणीचा आवाज वाढवत असेल, विचारले एक आणि उत्तर दिले दुसरे असे होत असेल, मागून दिलेल्या हाकेला ओ देत नसेल, वर्गात ‘लक्ष नसते’ अशी तक्रार येत असेल, ‘स’ आणि ‘श’ गाळून बोलत असेल, तर तपासणी करा. यांपैकी काहीच नसेल, पण मूल जन्मानंतर अतिदक्षता कक्षात राहिले असेल, वजन दीड किलोहून कमी असेल, कावीळ इतकी वाढली असेल की रक्त बदलावे लागले, मेंदूज्वर झाला असेल, किंवा नात्यात लहानपणापासूनचा बहिरेपणा असेल, तरीही करा. एकाच कानाने ऐकणारे मूल घरात कोणाच्याही लक्षात येत नाही. फोन नेहमी एकाच बाजूला धरते, एवढीच खूण.

तीन वर्षांपुढचे मूल ही तपासणी खेळासारखी देते. आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा. अर्धा तास पुरतो. आपल्या जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात किंवा मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती होते. श्रवणयंत्रासाठी आणि कॉक्लियर इम्प्लांटसाठी केंद्र शासनाची ‘एडिप’ योजना आहे. महामारीच्या काळी तिच्यात इम्प्लांटसाठी सहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळत होते. तिला उत्पन्नाची अट आहे आणि वयाचीही : जन्मजात बहिरेपणासाठी पाच वर्षांपर्यंत, नंतर उद्भवलेल्या बहिरेपणासाठी अठरा वर्षांपर्यंत. ज्या मुलांची दोन वर्षे महामारीने खाल्ली, त्यांपैकी काहींच्या बाबतीत ही पाचाची मर्यादा निदानाच्या आधीच उलटून गेली असेल. महामारीत वाया गेलेला काळ अशा अटींत मोजू नये, अशी मागणी पालक-संघटनांनी आणि डॉक्टरांनी लेखी करायला हवी. वय उलटले म्हणून तपासणीच सोडून देऊ नका. श्रवणयंत्र, वाचा-उपचार आणि सांकेतिक भाषा यांना ती मर्यादा नाही, आणि मूल यांपैकी कोणत्याही वाटेने भाषेपर्यंत पोहोचू शकते.

तपासणीला जाताना जन्मवेळचे कागद आणि लसीकरणाचे कार्ड बरोबर घ्या. परतताना ‘सगळे ठीक आहे’ या तोंडी निरोपावर समाधान मानू नका. प्रत्येक कानाचा डेसिबलमधील आकडा असलेला छापील अहवाल मागून घ्या आणि तो त्याच कार्डाला टाचून ठेवा.